फेर सगळ्यांचा : डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी अनुकूलित नृत्य

दसऱ्याची सुट्टी संपली की शाळाशाळांत स्नेहसंमेलनाच्या नाचांची यादी तयार होऊ लागते. कोणत्या वर्गाचा कोणता नाच, पुढच्या रांगेत कोण, मागच्या रांगेत कोण, हे त्याच आठवड्यात ठरते. त्याच वेळी एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. वर्गात डाऊन सिंड्रोम असलेले एखादे मूल असेल तर त्याचे काय करायचे?

याची दोन उत्तरे सर्वत्र ठरून गेल्यासारखी आहेत. एक म्हणजे त्या मुलाला झाड करून कोपऱ्यात उभे करायचे. दुसरे म्हणजे आईनेच सांगायचे, "बाई, राहू द्या, नाच बिघडेल, लोक हसतील." पहिल्यात मूल मंचावर असूनही नाचत नाही आणि दुसऱ्यात ते मंचावर येतच नाही. तिसरेही एक उत्तर आहे. मूल बदलायचे नाही, नाच बदलायचा, आणि तो असा बदलायचा की बाकीच्या मुलांनाही तोच नाच आवडावा. याला अनुकूलित नृत्य म्हणतात. आमच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी त्याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

१. डाऊन सिंड्रोम म्हणजे काय?

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत साधारणपणे ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या जोडीत दोनऐवजी तीन गुणसूत्रे असतात आणि एकूण संख्या ४७ होते. सुमारे ९५ टक्के मुलांत हाच प्रकार आढळतो. जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या मुलांच्या लक्षणांचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव या स्थितीला मिळाले. कारण मात्र जवळजवळ शंभर वर्षांनी कळले. फ्रान्समध्ये जेरोम लेजून, मार्थ गोतिए आणि रेमों तुर्पँ यांनी १९५९ साली ते जास्तीचे गुणसूत्र दाखवून दिले.

साधारण ७०० ते १००० जन्मांमागे एक मूल असे जन्माला येते. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते, हे खरे. परंतु तरुण मातांना होणाऱ्या बाळांची संख्याच जास्त असल्याने तरुण आईच्या पोटीही अशी अनेक मुले जन्मतात. ग्रहण पाहिल्याने, काही खाल्ल्याने किंवा कोणाच्या दृष्टीने हे होत नाही. हा संसर्गही नाही. एखाद्या घरात आईला वर्षानुवर्षे यावरून बोल लावले जात असतील, तर ते बोल खोटे आहेत, हे घरातील वडीलधाऱ्यांनी आधी समजून घ्यावे.

शब्दांचीही काळजी घ्यावी. या मुलांना पूर्वी 'मंगोल' म्हणत. १९६१ साली काही शास्त्रज्ञांनी या शब्दाला जाहीर हरकत घेतली आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडून दिला. आपल्याकडे 'वेडा', 'मंद', 'देवाचं माणूस' असे शब्द सहज वापरले जातात. पहिले दोन मुलाला दुखावतात. तिसरा गोड वाटतो, पण त्या मुलाकडून काही अपेक्षाच ठेवू नये असे सुचवतो. मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य सुमारे २५ वर्षे होते. आज ते सुमारे ६० वर्षे आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया, वेळेवर उपचार आणि घरात मिळणारी माया यांमुळे हा फरक पडला. म्हणजे आज आपल्या वर्गात बसलेले मूल पुढे तरुण होणार, प्रौढ होणार आणि कदाचित म्हातारेही होणार. त्या लांब आयुष्यात शरीर हलते ठेवण्याची आणि चार माणसांत मिसळण्याची सवय कशाने लागेल, हा प्रश्न एका संमेलनाच्या नाचापेक्षा मोठा आहे.

२. आधी शरीर समजून घेऊ, मग नाच

नाच बसवणाऱ्या शिक्षकाला पुढील गोष्टी ठाऊक असल्याच पाहिजेत. प्रत्येक मूल वेगळे असते. या सगळ्या गोष्टी एकाच मुलात असतील असे नाही.

(अ) *स्नायू सैल, सांधे ढिले.* या मुलांचे स्नायू जन्मतः सैल असतात. म्हणूनच चालायला ती साधारण दोन वर्षांची होतात, काही त्याहून उशिरा चालतात. सांधे ढिले असल्याने पाय सहज फाकतात आणि लोक कौतुकाने म्हणतात, "काय लवचिक आहे!" पण लवचिकता म्हणजे ताकद नव्हे. पाय ताणून फाकवण्याचे प्रकार या मुलांकडून करवून घेऊ नयेत, कारण कमरेच्या सांध्यावर त्याचा ताण येतो. त्यांना ताणण्याची नव्हे, सांधा धरून ठेवण्याची ताकद हवी असते. हळू उठणे-बसणे, पाऊल दाबून चालणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, यांतून ती येते.

(आ) *पाऊल सपाट, तोल कमी.* एका पायावर उभे राहणे कठीण जाते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. जाड सतरंजी किंवा चटई वापरावी आणि तिची कडा दुमडलेली नाही ना ते पाहावे.

(इ) *कान आणि डोळे.* कानाच्या पडद्यामागे द्रव साठून ऐकू कमी येणे या मुलांत फार आढळते. डोळ्यांचे दोषही पुष्कळ असतात. अशा वेळी मूल 'ऐकत नाही' म्हणजे हट्टी आहे असे नव्हे, त्याला खरोखरच ऐकू येत नसेल. शिक्षकाने समोर, जवळ आणि उजेडात उभे राहावे. चष्म्याला मागे पट्टी बांधावी.

(ई) *हृदय.* जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. अनेकांची शस्त्रक्रिया झालेली असते. नाच सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे हा शिष्टाचार नव्हे, तो नियमच आहे.

(उ) *पाहून शिकणे.* ऐकलेल्या लांब सूचना लक्षात ठेवणे त्यांना जड जाते, पण पाहिलेले चांगले लक्षात राहते. अनुकरण हे त्यांचे बलस्थान आहे. "आता उजवा पाय पुढे, मग टाळी, मग गिरकी" असे सांगण्यापेक्षा काही न बोलता तीनदा करून दाखवावे.

एक गैरसमजही येथे दूर करू. "ही मुले नेहमी आनंदी असतात, संगीत लागले की आपोआप नाचतात" असे म्हटले जाते. काही नाचतात, काही नाचत नाहीत. कोणी मोठ्या आवाजाला घाबरते, कोणाला गर्दी आवडत नाही. त्यांनाही राग येतो, लाज वाटते, कंटाळा येतो. आपोआप येते असे समजून कोणी शिकवतच नाही, हा या गैरसमजाचा खरा तोटा.

३. अनुकूलित नृत्य आणि नृत्योपचार

हे दोन शब्द बहुधा एकत्र मिसळले जातात. नृत्योपचार हा उपचार आहे आणि तो देणारी व्यक्ती त्याचे शिक्षण घेतलेली असते. अमेरिकेत मेरियन चेस यांच्या पुढाकाराने त्याची संघटना १९६६ साली उभी राहिली. आपल्या देशात त्रिपुरा कश्यप यांनी या क्षेत्रात आरंभीचे काम केले. या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले.

अनुकूलित नृत्य म्हणजे नाचाचा तासच, परंतु शिकणाऱ्याच्या शरीराप्रमाणे आखलेला. तेथे मूल रुग्ण नसते, विद्यार्थी असते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील बॉस्टन शहरात २००२ साली सुरू झाले. तेथील बॅले संस्था आणि मुलांचे मोठे रुग्णालय यांनी मिळून हे वर्ग काढले. नृत्यशिक्षक नाच शिकवतात आणि व्यायामोपचार जाणणारे त्यांना मुलाच्या सांध्यांविषयी, तोलाविषयी सांगतात. संगीतही प्रत्यक्ष वाजवले जाते.

आपल्या मराठी मुलखातही शरीराप्रमाणे नाच घडवण्याचे काम झाले आहे. पुण्यातील नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. हात थरथरतो, पाऊल अडखळते, अशी वयस्कर माणसे तेथे नाचू लागली. त्यांचा आजार वेगळा, वय वेगळे, पण तत्त्व तेच. पुण्याच्याच गौरी गाडगीळ या डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटूवर 'यलो' हा मराठी चित्रपट २०१४ साली आला आणि त्यात तिने स्वतः काम केले. पालकांनी तो मुलांसह जरूर पाहावा. पोहणे असो वा नाच, धीराने आणि सातत्याने शिकवले तर मूल कोठवर जाते, हे त्यातून दिसते. मार्च २०२५ मध्ये इटलीतील तुरीन येथे झालेल्या विशेष ऑलिम्पिकच्या हिवाळी जागतिक स्पर्धांत तर नृत्य हा प्रकार प्रथमच समाविष्ट झाला.

४. आपल्या अंगणातले अनुकूलित नृत्य

बॉस्टनचे नाव ऐकून कोणी म्हणेल, हे आपल्याला कसे जमणार? आमचे म्हणणे असे की याची अर्धी तयारी आपल्या परंपरेत आहेच. हादगा आठवून पाहा. पुण्याकडे त्याला भोंडला म्हणतात, विदर्भात भुलाबाई. मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, साधे पाऊल आणि एकमेकींचे हात हातात. यात चार गोष्टी अशा आहेत की कोणत्याही तज्ज्ञाने मुद्दाम आखाव्यात.

पहिली गोष्ट, फेरात पुढची रांग नाही आणि मागची रांगही नाही. प्रत्येकाला प्रत्येकाचे पाऊल दिसते. पाहून शिकणाऱ्या मुलाला याहून सोयीची रचना नाही. रांगेत मात्र त्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

दुसरी, हात धरलेले असल्याने तोलाला आधार मिळतो, आणि तो कोणाला वेगळा दिसत नाही.

तिसरी, मध्ये हत्ती असल्याने कोठे पाहायचे आणि कोणाभोवती फिरायचे हे सांगावे लागत नाही.

चौथी सर्वांत महत्त्वाची. हादग्यात पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे रोज एकेक वाढत सोळाव्या दिवशी सोळा होतात. कालचे सोडायचे नाही, आज एकाचीच भर घालायची. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला नाच शिकवण्याची उत्तम पद्धत नेमकी हीच आहे. आम्ही तिला 'हादग्याची रीत' म्हणतो. शेवटी खिरापत ओळखायची असते. त्यात बोलणे आले, आपली पाळी येईपर्यंत थांबणेही आले.

आपल्या भागातील इतर खेळही थोड्या फरकाने घेता येतात.

*लेझीम :* लोखंडी लेझीम जड पडते. हलकी घ्यावी, नाहीतर मनगटाला घुंगरू बांधावेत. वाकून मारायचे हात वगळून उभ्याचे हात घ्यावेत.

*टिपरी आणि कोलाट :* या मुलांचे हात लहान, बोटे आखूड असतात. टिपरीच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी. समोरच्याने टिपरी स्थिर धरावी आणि मुलाने ती मारावी. काही आठवड्यांनी उलट करावे. आपल्या कन्नड शेजाऱ्यांचा कोलाट हाच खेळ खेळतो, त्यामुळे मुलाला गल्लीतही जोडीदार मिळतो.

*झिम्मा :* समोरासमोर टाळी हा उत्तम व्यायाम आहे, कारण हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जातो. आधी दोन्ही हातांची टाळी, नंतर एका हाताची तिरपी.

*फुगडी :* वेगाची फुगडी घेऊ नये. ढिल्या खांद्याला आणि मनगटाला झटका बसतो, मानही हिसकते. हात धरून जागच्या जागी डोलणे पुरे.

५. संगीत थांबू शकले पाहिजे

ध्वनिफितीवरचे सिनेमाचे गाणे कोणासाठी थांबत नाही. मूल एक पाऊल चुकले की गाणे पुढे निघून जाते आणि उरलेला सगळा नाच ते पाठलाग करत राहते. तबलजी मात्र मुलाकडे पाहून लय उतरवू शकतो, एक आवर्तन जास्त वाजवू शकतो. हे गाव गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांचे आहे. आपल्या ओळखीत तबला, पेटी किंवा ढोलकी वाजवणारे कोणी नाही असे घर येथे शोधावे लागेल. पालकांपैकी एकाने आठवड्यातून अर्धा तास दिला तरी पुरे.

चालण्यासाठी आठ मात्रांचा केरवा घ्यावा. त्यात डावे-उजवे पाऊल सम पडते. डोलण्यासाठी सहा मात्रांचा दादरा. बोल मुलांनी तोंडाने म्हणावेत, 'धा' वर पाऊल दाबावे. ज्यांना स्पष्ट बोलता येत नाही, त्यांनाही एकाक्षरी बोल म्हणता येतात आणि म्हणताना लाज वाटत नाही. ज्याला कमी ऐकू येते त्याने तबल्याजवळ जमिनीवर किंवा पाटावर हात ठेवून ठोका जाणून घ्यावा.

६. अर्ध्या तासाचा पाठ

वर्गातील सर्व मुलांसाठी हाच पाठ घ्यावा. वेगळा तास, वेगळी खोली नको.

१) स्वागताचा फेर (३ मिनिटे) : प्रत्येकाने आपले नाव म्हणून एक हावभाव करायचा आणि सर्वांनी तो करायचा. येथे प्रत्येक मूल एकदा शिक्षक होते.

२) अंग मोकळे करणे (५ मिनिटे) : खुर्चीवर किंवा मांडी घालून बसून. खांदे, मनगटे, पायाची बोटे. मान गोल फिरवायची नाही. पाय मागे दोन्ही बाजूंना टाकून मूल बसले असेल तर हळूच मांडी घालायला सांगावे.

३) चालणे (५ मिनिटे) : हत्तीसारखे जड, मांजरासारखे हळू, आगगाडीसारखे एकामागे एक. जमिनीवर खडूने पावले काढावीत.

४) नवी पायरी (८ मिनिटे) : हादग्याच्या रीतीने एकच. शिक्षकाने समोर आरशासारखे उभे राहावे. मुलाने उजवा हात उचलायचा असेल तर शिक्षकाने आपला डावा उचलावा.

५) आपला नाच (४ मिनिटे) : दोन-दोन मुलांनी मध्ये येऊन मनाप्रमाणे नाचायचे. हे वगळू नये. दुसऱ्याचे करून दाखवणे आणि आपले काही असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६) विश्रांती (३ मिनिटे) : पाठीवर पडून तानपुरा किंवा बासरी ऐकणे.

७) नमस्कार (२ मिनिटे).

प्रत्येक मुलाला त्याच्या इच्छेने एक जोडीदार द्यावा. जोडीदाराचा नियम एकच, हात पुढे करायचा, ओढायचा नाही.

सूचना दिल्यावर शिक्षकाने मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. आमच्या पाहण्यात असे आले आहे की बहुतेक मुले सातव्या-आठव्या आकड्याला हलू लागतात. मोठी माणसे तिसऱ्या आकड्याला धीर सोडतात आणि मुलाचा हात धरून हलवतात. मग त्या मुलाला कळते की आपण काही केले नाही तरी चालते.

मूल नाचता नाचता एकदम बसकण मारते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्याला हट्ट म्हणण्यापूर्वी पाहावे, दम लागला आहे का, बूट चावतो का, आवाज मोठा आहे का, पायरी फार कठीण झाली का. तसे असल्यास एक पायरी मागे यावे. बसल्या जागी हातांचा नाच चालू ठेवू द्यावा. रागावून उठवू नये आणि सगळ्यांनी भोवती गोळाही होऊ नये.

७. आठ आठवड्यांची आखणी

पहिला आठवडा : आपल्या खुणेवर येऊन उभे राहणे आणि टाळी.
दुसरा : टाळी आणि चार पावले फेरात.
तिसरा : त्यात थांबणे. संगीत थांबले की थांबायचे.
चौथा : जोडीदाराशी टाळी.
पाचवा : आत चार पावले, बाहेर चार पावले.
सहावा : टिपरी किंवा घुंगरू.
सातवा : नवे काही नाही, तोच नाच मंचावर, पोशाखात आणि दिव्यांत.
आठवा : चार पालकांसमोर, मग दहांसमोर, मग प्रयोग.

एखादी पायरी दोन आठवड्यांत आली नाही तर ती सर्वांच्या नाचातून काढावी. त्या एका मुलाला बाजूला करून पायरी ठेवू नये. सहा पायऱ्यांऐवजी चारच झाल्या तरी नाच अपुरा होत नाही. हादग्याच्या फेरात पावले ती किती असतात!

८. खबरदारी : हे वाचल्याशिवाय सुरुवात करू नये

या मुलांपैकी काहींच्या मानेतील पहिल्या दोन मणक्यांमधील बंध ढिला असतो. जोराचा झटका बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून कोलांटी उडी, डोक्यावर उभे राहणे, मानेवर भार येणारी कसरत आणि मानव मनोरा पूर्णपणे वर्ज्य. क्ष-किरण तपासणी चांगली आली म्हणून ही खबरदारी सोडू नये.

पौराणिक नाचातील जड मुकुट, डोक्यावरील घागर किंवा समई या मुलांना देऊ नये. मुकुट हवाच असेल तर पुठ्ठ्याचा हलका करावा. लांब ओचा, पायात अडकणारा घोळ टाळावा.

मान दुखणे, मान एका बाजूला कलणे, चाल अचानक बदलणे, हातातून वस्तू पडू लागणे, लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसले तर नाच त्याच क्षणी बंद करावा आणि मुलाला विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. ओठ निळसर दिसणे किंवा फार धाप लागणे हीही धोक्याची खूण समजावी. मूल एकाएकी सुस्त झाले असेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. त्याचा दोष या मुलांत बऱ्याचदा आढळतो.

तपासणीसाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि डाऊन सिंड्रोमचा त्यात समावेश आहे. हुबळीत पूर्वी किम्स म्हणून ओळखले जाणारे मोठे सरकारी रुग्णालय आहे, धारवाडमध्ये डिमहान्स आहे. शाळेत आरोग्य पथक येते तेव्हा पालकांनी मुलाला घरी ठेवू नये, उलट त्या दिवशी आवर्जून पाठवावे.

९. घरी काय करावे?

रोज दहा मिनिटे पुरेशी आहेत. आरशासमोर उभे राहून आजीने किंवा ताईने मुलाबरोबर शाळेची पायरी करावी. 'करून दाखव' म्हणण्याऐवजी 'चल, मला शिकव' म्हणावे. पाहुण्यांपुढे मुलाला नाचायला लावून टाळ्या घेऊ नयेत. त्याला नको असेल तर नको. लग्नात, गणपतीत घरची सगळी नाचतात, तेव्हा त्यालाही फेरात घ्यावे, मात्र मोठ्या ध्वनिक्षेपकापासून दूर. या मुलांचे वजन लवकर वाढते. रोजचा नाच त्यावरचा आनंददायक उपाय आहे.

एका छोट्या वहीत महिन्यातून एकदा तीनच नोंदी कराव्यात : न बसता किती मिनिटे नाचले, आधाराने एका पायावर किती आकडे उभे राहिले, आणि स्वतःहून कोणाचा हात धरला. तुलना त्याच मुलाच्या मागच्या महिन्याशी करावी, शेजारच्या मुलाशी नव्हे.

१०. हा उपकार नव्हे

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि खेळ व मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्याव्यात. स्नेहसंमेलन या संधींतच येते. म्हणून मुलाला नाचात घेणे ही शिक्षकाची दया नव्हे आणि पालकांनी त्यासाठी हात जोडण्याचे कारण नाही. ज्या आईने "लोक हसतील" म्हणून मुलाला घरी ठेवले आहे, तिला आमचे सांगणे एवढेच की लोकांना पाहण्याची सवय लावावी लागते, आणि ती मंचावर मूल आल्याशिवाय लागत नाही.

नाच चांगला झाला की नाही, हे कशावरून ठरवावे? 'ते मूल कोणते, हे कळलेच नाही' यावरून ठरवू नये. ते कळले तरी काही बिघडत नाही. त्या मुलाने आपली पावले स्वतः टाकली का, आणि फेर त्याच्यासाठी जरा हळू झाला तेव्हा बाकीच्या मुलांना तो आपलाच वाटला का, एवढे पाहावे.

संयुक्त राष्ट्रसंघ २०१२ पासून २१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळतो. एकविसावे गुणसूत्र तीनदा, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख. त्या दिवशी भाषणांऐवजी शाळेच्या पटांगणात पालक, शिक्षक आणि सर्व मुले यांनी मिळून एक मोठा फेर धरावा, अशी आमची सूचना आहे. पाट आणि हत्ती शाळेकडून, खिरापत पालकांकडून.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील या वर्षीच्या नाचात रांगेऐवजी फेर घेतला तर काय बदल करावे लागतील?
२. 'लवचिकता म्हणजे ताकद नव्हे' हे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. आपल्या घरच्या एखाद्या खेळगाण्यात 'हादग्याची रीत' कशी वापराल? चार पायऱ्या लिहा.
४. कोणती लक्षणे दिसताच नाच बंद करून डॉक्टरांकडे जावे?
५. (मुलांसाठी) आपल्या मित्राला हात देणे आणि हात ओढणे यांत काय फरक आहे? जोडीने करून दाखवा.